घोडा क्रमांक तीन

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्या सोसायटीत सर्रास बोललं जातं. हे साफ खोटं आहे. मी चौकस आहे. गॅसचं सिलिंडर आलं की मी सील नखाने खरवडून बघतो, दुधाचा थेंब नखावर ठेवून तो किती वेळात ओघळतो ते बघतो, आणि 'जनगणनेहून आलोय' म्हणणाऱ्याला आधी जनगणना किती वर्षांनी होते ते विचारतो. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात चौतीस वर्षं काढल्यावर माणसाचा माणसावर जेवढा विश्वास उरतो, तेवढा माझाही उरलेला आहे. त्याला संशय म्हणत नाहीत. आणि अशा या मला नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आगाशीच्या अलीकडच्या एका वाडीत अख्ख्या गावाने बाकावर बसवून ठेवलं आणि माझ्यावर संशय घेतला. माझ्यावर! हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

सुरुवात झाली माझी भाची नेत्रा हिच्या पायापासून. नेत्रा जनावरांची डॉक्टर. वरच्या पदवीसाठी ती प्रबंध लिहीत होती आणि त्यासाठी चिपळूणहून आमच्याकडे बोळिंजला राहायला आली होती. विषय होता आपल्या भागातल्या घोड्यांचं आणि गोठ्यातल्या गुरांचं कल्याण. म्हणजे त्यांना पाणी वेळेवर मिळतं का, पाठीवर जखमा आहेत का, बसायला कोरडी जागा आहे का, मालक त्यांना मारतो का. आमच्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड येत होतं, त्याबद्दल कोणी प्रबंध लिहीत नव्हतं. पण ते असो.

साठ जनावरं तपासायची होती. चोपन्न झाली होती. पंचावन्नाव्या जनावराच्या गोठ्यात नेत्राचा पाय शेणावरून सटकला आणि मांडीपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर बसलं. प्रबंध अठ्ठावीस तारखेला द्यायचा होता. तिचे सर एक मार्चला परदेशी जाणार होते. तारीख चुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की कोल्हापूरकडच्या डेअरीत ठरलेली नोकरीही गेली. पोरगी पलंगावर प्लास्टर पसरून बसली आणि ढसाढसा रडली. "मामा, दोन वर्षं उन्हातान्हात फिरले रे मी. सहा जनावरांसाठी सगळं पाण्यात जाणार."

मला काही ते बघवेना. "रडू नकोस," मी म्हणालो, "मी जातो."

स्वयंपाकघरातून आशालता, म्हणजे माझी बायको, हसल्याचा आवाज आला.

काम तसं सोपं होतं. एक छापील फॉर्म. त्यात तीस प्रश्न. आणि शेवटी एक चाचणी, तीच महत्त्वाची. अनोळखी माणसाने जनावरासमोर तीन मीटरवर उभं राहायचं. मग सेकंदाला एक पाऊल या हिशेबाने हात पुढे करून त्याच्याकडे जायचं. डोळ्यात डोळे घालायचे नाहीत. जनावर जिथे मागे सरेल तिथे थांबायचं आणि आपल्या हातापासून त्याच्या नाकापर्यंतचं अंतर मोजून लिहायचं. जनावर जागचं हललं नाही आणि त्याने हात लावू दिला, तर अंतर शून्य. ज्याला माणसांनी मारलेलं आहे ते लांबूनच बिचकतं, ज्याला माया मिळालेली आहे ते बिचकत नाही, असं यामागचं शास्त्र.

"आधी सराव कर," नेत्रा म्हणाली. "मामी, तू उभी राहा ना तिथे. म्हैस समज."

"मी म्हैस?" आशालता म्हणाली, पण पोरीचं मन मोडायचं नाही म्हणून हात पुसत उभी राहिली. मी फ्रिजपासून निघालो. हात पुढे, नजर खाली, सेकंदाला एक पाऊल. तिसऱ्या पावलाला ती सरळ ओट्यापर्यंत मागे गेली.

"का हललीस?"

"अहो, तुमचा चेहरा बघा ना! बिलात चूक सापडल्यासारखे येताय."

नेत्राने फॉर्मच्या मागे काहीतरी लिहिलं आणि हसू दाबलं. दोन मीटर लिहिलं असावं. मी विचारलं नाही.

आता मी पडलो नियमाचा माणूस. दुसऱ्याच्या गोठ्यात असं विनापरवाना शिरणं मला पटेना. परवानगीचं पत्र हवं, म्हणून मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर निवडणुकीच्या यादीच्या कामावर होते आणि कारकुनाने मला तीन प्रतींत अर्ज लिहायला लावला. लिहून दिला. त्याने वाचला आणि दोन शब्दांखाली लाल रेघ मारली.

"गुरांचं ठीक आहे. घोड्यांचं आमच्याकडे नाही."

"का? घोडा जनावर नाही?"

"टांग्याचा ना? टांगा म्हणजे वाहन. नगरपालिकेत जा, वाहन परवाना विभाग."

गेलो, त्यांच्या नावाने नवा अर्ज लिहिला. तिथल्या साहेबांनी तो उलटसुलट वाचून विचारलं, "घोड्याचा परवाना क्रमांक?"

"मला काय ठाऊक? मी अजून घोडा बघितलेलाच नाही."

"मग आम्ही तरी कुठला घोडा समजायचा?" असं म्हणून त्यांनी अर्जावर शेरा मारला, खाली गोल शिक्का उठवला आणि अर्ज माझ्याच हातात परत दिला. शिक्का चांगला ठळक होता. मी तो कागद व्यवस्थित फाइलला लावला. सरकारी शिक्क्याचा कागद जवळ असला की मला बरं वाटतं. याच कागदाने पुढे माझा गळा धरायचा होता.

फाइलबद्दलही सांगायला हवं. नेत्राने बजावलं होतं, "मामा, जुने चोपन्न फॉर्म घरी ठेव, नाहीतर झेरॉक्स तरी काढ." झेरॉक्सवाला आमच्या नाक्यावरचाच. त्याने एकदा माझ्या पेन्शनच्या कागदाची एक प्रत जास्त काढलेली मी स्वतः पाहिली होती. कशाला काढली? सांगेना. अशा माणसाच्या हातात पोरीचं दोन वर्षांचं संशोधन द्यायचं? आणि घरी ठेवायचं तर रामनाथचं आमच्याकडे सारखं येणंजाणं. तेव्हा अख्खी फाइल, साठच्या साठ फॉर्मांची, मी सोबतच घेऊन फिरायचं ठरवलं. यातला शहाणपणा मला तेव्हा स्पष्ट दिसत होता.

रामनाथ म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी. वय माझ्याएवढंच. कुठलंही काम निघालं की त्याच्याकडे त्यासाठी एक वस्तू असते आणि एक सल्ला. सल्ला होता, "परुळेकर, घोड्याच्या मागे उभे राहू नका." वस्तू होती टेप. माझ्याजवळचा टेप आशालताच्या शिवणाच्या डब्यातला, त्यावर गाय मोजायची म्हणजे हसं. रामनाथने कातडी डबीतला तीस मीटरचा टेप आणला. आमच्या कंपाउंडची भिंत बांधताना कंत्राटदार विसरून गेला तो. डबीवर सोनेरी अक्षरात 'मंगलमूर्ती बिल्डर्स अँड डेव्हलपर्स'.

"एक टोक मी धरतो," रामनाथ म्हणाला, "एकट्याने माप चुकतं." रामनाथजवळ स्कूटरही होती, तेव्हा नाही म्हणता येईना. उन्हासाठी त्याने काळा गॉगल लावला, मला आपल्या मुलाची कडक टोपी दिली, आणि आम्ही निघालो.

पहिली चार जनावरं विनासायास झाली. दोन म्हशी एका तबेल्यातल्या. तिथला भय्या आम्हाला दुधातली भेसळ पकडणारे समजला आणि आम्ही काही बोलायच्या आत त्याने आम्हाला मलईचा चहा पाजला. म्हशींनी मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग तुळिंजला वरातीचे दोन घोडे. त्यांच्यासमोर रोज बॅंड वाजतो, फटाके फुटतात, त्यांना माझं काय वाटणार? अंतर शून्य. मला वाटायला लागलं, हे काम मला जमतंय. उरले एक गाय आणि एक घोडा. तारीख होती सव्वीस.

टांग्याचा घोडा सापडणं कठीण झालं होतं. रिक्षा आल्या आणि टांगे गेले. चौकशी करताकरता कळलं, आगाशीच्या अलीकडच्या वाडीत एक फर्डिनंड म्हणून आहे, त्याची घोडी अजून टांग्याला जुंपलेली असते.

सकाळी दहाला वाडीत शिरलो. नारळी, केळी, विड्याच्या पानांचे वेल, मधे एक बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बावखलाच्या काठाला एक गाय बांधलेली. चिटपाखरू दिसेना. मी दोन हाका मारल्या. कोणी ओ देईना तेव्हा म्हटलं, गाय तर उरकून घेऊ. फाइल गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली, हात पुढे केला आणि निघालो. गाईने माझा तळवा चाटला. शून्य! मला इतका आनंद झाला की रामनाथ काय करतोय तिकडे माझं लक्षच गेलं नाही. रामनाथचा हात स्वस्थ बसत नाही. त्याने टेपचं टोक गाईच्या खुंटाला अडकवलं होतं आणि तो सहजच बावखलापर्यंतचं अंतर मोजत होता.

"एकोणीस मीटर चाळीस!" तो मोठ्याने म्हणाला. "परुळेकर, जागा ऐसपैस आहे हो!"

केळीमागून एक म्हातारी बाहेर आली. नऊवारी गुडघ्याच्या वर, हातात कोयता. "कोन तुमी? काय मोजता?"

मी तोंड उघडायच्या आधी रामनाथने गॉगल वर केला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाला, "आजी, घाबरू नका. तुमचं काही जात नाही. नुसतं माप घेतोय."

या वाडीत गेल्या दहा वर्षांत जे जे कोणी जमीन गिळायला आलं होतं, त्यातल्या प्रत्येकाने हेच वाक्य म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हातारीने आधी टेपची डबी बघितली. त्यावरची सोनेरी अक्षरं तिला वाचता आली की नाही देव जाणे, पण ओळखता नक्की आली. मग तिने कठड्यावरची फाइल उचलली, काखेत मारली आणि अशी आरोळी ठोकली की माडावरचे कावळे उडाले. "फर्डिनंड! ॲन्सेल्म! आले रे आले! परत आले!"

'परत' हा शब्द मला फार लागला. मी पहिल्यांदाच आलो होतो.

दोन मिनिटांत वीस-पंचवीस माणसं जमली. आम्हाला क्रुसाजवळच्या बाकावर बसवलं. म्हातारीचं नाव धोंडूबाई. ती बाकावर बसलीच नाही, फाइल घेऊन बावखलाच्या दगडी पायरीवर उभी राहिली. फर्डिनंड म्हणजे साठीतला काटक माणूस, चट्ट्यापट्ट्याची हाफपॅंट, एका हातात खरारा. आणि ॲन्सेल्म मास्तर, निवृत्त शिक्षक, चष्मा दोरीने गळ्यात. प्रश्न मास्तरांनी विचारायचे असं ठरलेलं दिसलं.

"आपण कोण?"

"मी आत्माराम परुळेकर. टेलिफोन खात्यातून निवृत्त."

"टेलिफोनवाले गाय कशासाठी मोजतात?"

"गाय नाही हो, गाईची भीती मोजतो. संशोधन आहे, माझ्या भाचीचं."

"भाची कुठे आहे?"

"घरी. पाय मोडलाय तिचा."

गर्दीत कोणीतरी हसलं. खरं सांगतो, मी जर त्या गर्दीत असतो तर मीही हसलो असतो. चौतीस वर्षांत याहून बऱ्या थापा मी फोनवर रोज ऐकल्या होत्या.

"असं बघा," मास्तर शांतपणे म्हणाले, "चार वर्षांपूर्वी एक जण माडांच्या रोगावर संशोधन करतो म्हणून आला. फार सज्जन. आमच्याकडे जेवला. सहा महिन्यांनी पलीकडच्या वाडीच्या सातबाऱ्यावर भलतंच नाव लागलं. नंतर एक विहिरीचं पाणी तपासायला आला. आता तुम्ही गाईची भीती मोजायला आलात. प्रगती आहे."

"टाकू काय बावखलात?" धोंडूबाईने फाइल पाण्यावर धरून विचारलं.

त्या फाइलीत नेत्राची दोन वर्षं होती, कोल्हापूरची नोकरी होती, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. "आजी, पाया पडतो तुमच्या," मी म्हणालो. निवृत्तीनंतर कोणाच्या पाया पडायची माझी ही पहिलीच वेळ. "माझं काय करायचं ते करा, ती फाइल टाकू नका. पोरीचं वर्ष आहे त्यात."

"एवढं असेल तर करून दाखवा," फर्डिनंड पहिल्यांदा बोलला. "माझी स्टेला बघेल तुम्हाला. तिला माणूस कळतो."

गावाला ही कल्पना एकदम पसंत पडली. घोडी आणली. तपकिरी, म्हातारी, पण अंग आरशासारखं चकचकीत. फर्डिनंड तिला भिंतीला लागून उभी करत होता, मग पुन्हा वळवत होता, जराशी इकडे, जराशी तिकडे. मी चौकस असल्याने हे माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण त्याचा अर्थ लावायला सवड नव्हती. तीन मीटर मोजले, ते नेमके घोडीच्या भिंतीकडच्या बाजूने. टेप आता मास्तरांनी धरला, रामनाथच्या हाताला गाव टेप लावू देईना. मी हात पुढे केला, नजर खाली घातली आणि एक पाऊल टाकलं.

एकच. दुसरं उचलायच्या आत घोडीने मान झटकली, फुरफुरली आणि मागे सरून भिंतीला अंग घासलं.

"बघा! बिल्डरचाच मानूस!" धोंडूबाई ओरडली.

माझा चेहरा काय झाला असेल ते आशालताच सांगू शकली असती. पण काम म्हणजे काम. मी खिशातून कोरा फॉर्म काढला आणि लिहिलं, 'टाळले. अडीच मीटर.'

फर्डिनंडने मान वाकवून वाचलं. "याचा अर्थ काय?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने विषय बदलला असता. मी खरं तेच सांगितलं. "जनावर जितकं लांबून बिचकतं तितका त्याला मार बसतो, असं शास्त्र आहे."

फर्डिनंडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी मारतो? स्टेलाला? मी?" त्याचा आवाज चिरकला. "खोडा ते. शून्य लिहा. सगळ्या गावासमोर सांगतो, शून्य लिहा!"

"तसं लिहिता येत नाही. झालं ते झालं."

"शून्य लिवा, नायतर ही गेली," धोंडूबाईने फाइल आणखी खाली नेली. फाइलची दोरी पाण्याला टेकली.

रामनाथ माझ्या कानात कुजबुजला, "अहो लिहा ना शून्य! कोण बघतंय?" एका घोडीचा एक आकडा. मी खरंच पेन टेकवलं. आणि मग मला नेत्रा आठवली, आकड्याच्या बाबतीत माझ्यासारखीच कडक, चोपन्न वेळा स्वतः चालत जाऊन, लाथा चुकवून, खरं लिहून आणणारी. त्यात माझं एक खोटं? मला रडूच यायला लागलं. मी पेन खिशाला लावलं. "नाही लिहिणार," मी म्हणालो. "टाका हवी तर. पण ती पोरगी खोट्या आकड्यावर पास व्हायला तयार होणार नाही, मी ओळखतो तिला."

धोंडूबाईचा हात होता तिथेच राहिला. फर्डिनंडने घोडीच्या मानेवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "डावा डोळा गेलाय तिचा. दोन वर्षं झाली. तुम्ही डावीकडून आलात. दिसलाच नाहीत तिला, एकदम वास आला."

गाव हादरलं. मास्तरांनासुद्धा माहीत नव्हतं असं दिसलं. आंधळ्या डोळ्याच्या घोडीला टांग्याचा परवाना मिळत नाही. दोन वर्षं हा माणूस दर तपासणीला तिला भिंतीला लावून उजवी बाजू दाखवत आला होता. आणि आज, मारतो म्हणून लिहिलं जाण्यापेक्षा, त्याने सगळ्यांदेखत ते फोडलं होतं.

नेमकं याच वेळी मास्तरांनी धोंडूबाईच्या हातातल्या फाइलीतला वरचा कागद ओढून चष्मा लावला. "प्रति," ते वाचू लागले, "वाहन परवाना विभाग, नगरपालिका. विषय, टांग्याच्या घोड्यांची तपासणी."

माझा ठळक गोल शिक्का उन्हात झळकत होता. फर्डिनंडने माझ्याकडे जे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. त्याला मी फसवून कबूल करायला लावलं असंच त्याला वाटलं, आणि त्याच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. दोघा-तिघांनी बाह्या वर सारल्या. रामनाथ बाकावरून उठून स्कूटरकडे बघू लागला.

"थांबा," मास्तर म्हणाले, "खाली शेरा आहे. 'घोड्याचा परवाना क्रमांक नमूद नसल्याने अर्ज परत.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "क्रमांक का नाही दिलात?"

"मला ठाऊकच नव्हता. आणि आता कळला तरी कुठेच लिहायचा नाहीये. फॉर्मवर नाव नसतं."

"नाव नसतं?"

"मालकाचं नाव, गाव, काही नाही. हा घोडा क्रमांक तीन. बघा की."

त्यांनी बघितलं. सगळे फॉर्म पायरीवर पसरले आणि एकेक चाळला. गाय क्रमांक बारा. बैल क्रमांक चार. कुठे नाव नाही, सर्वे नंबर नाही, हद्द नाही. वाचतावाचता मास्तरांना सूचनांच्या कागदावर तळाला बारीक टीपही सापडली. जनावराला एका डोळ्याने दिसत नसल्यास चांगल्या बाजूने जावे, चुकीच्या बाजूने झालेली चाचणी रद्द समजावी. ही टीप मी घरी तीनदा वाचली होती. पण डोळा गेलेला घोडा आपल्या वाट्याला येईल असं कोणाला वाटतं?

मी नवा फॉर्म काढला. 'डावा डोळा, दृष्टी नाही' असं लिहिलं, ते फर्डिनंडला वाचून दाखवलं, आणि या वेळी उजवीकडून निघालो. सेकंदाला एक पाऊल. स्टेलाने कान टवकारले, माझ्याकडे बघितलं, एक पाऊल पुढे आली आणि माझ्या हातात नाक ठेवलं. गरम, मऊ, ओलसर. शून्य. फर्डिनंडने खराऱ्यासकट हात तोंडावर धरला आणि तो रडला.

मग काय विचारता! पाच मिनिटांपूर्वी आम्हाला बदडायला निघालेलं गाव आपापलं जनावर घेऊन रांगेत उभं राहिलं. माझी म्हैस लिवा, माझा बैल लिवा. साठ झाली, आता नको, असं मी सांगत होतो, ते कोणी ऐकेना. एकाचं शून्य आलं की शेजारचा म्हणे, त्याने गाईला शिकवून ठेवलंय. एका बकरीने मला धडक मारली तर मालकाने ती माया आहे असं लिहून घेतलं. रामनाथचा टेप परत मिळाला आणि तो सुखावला.

फाइल अजून धोंडूबाईकडेच होती. गर्दी पांगल्यावर ती माझ्यासमोर आली, फॉर्म एकावर एक नीट लावलेले. तिने डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसला आणि पुढे केला. "कुठं लावू?"

"काय?"

"अंगठा. गाय लिवली ना माजी?"

"अंगठा नको आजी. सही-बिही काही लागत नाही."

तिला ते कळेना. तिने कागद उलटा केला, मागची बाजू बघितली. "अंगठा नको?"

"नको."

तिने फाइल माझ्या हातात दिली. ओली दोरी पदराने पिळून दिली. मग पायरीवर बसली आणि म्हणाली, "माजी आत्या बोळिंजला दिली होती. भाताची खाचरं तिची. असाच एक मानूस आला, गुरं मोजतो बोल्ला. तीन गाई लिवल्या आन् अंगठा घेतला. आता तिथं ते पिवळ्या रंगाचं उभं आहे, पाच माळ्यांचं, पाण्याच्या टाकीजवळ. मी तिकडून जात नाय."

बोळिंजला पाण्याच्या टाकीजवळ पाच माळ्यांची पिवळी इमारत एकच आहे. तिच्या तिसऱ्या माळ्यावर मी नऊ वर्षं राहतोय. फ्लॅट घेताना मी नळ उघडून बघितले होते, फरशा ठोकून बघितल्या होत्या, दाराला वाळवी आहे का बघितलं होतं. खाली काय होतं ते मी विचारलं नव्हतं.

"तुमी कुठं राहता?" तिने विचारलं.

"तुळिंजला," मी म्हणालो.

अडीच मीटरचं शून्य करायला जो माणूस तयार झाला नव्हता, त्याने हे एका दमात सांगितलं. परतताना रामनाथ स्कूटरवर म्हणाला, "अहो, तुळिंज काय म्हणालात?" मी म्हणालो, "समोर बघून चालवा." मला फार लाज वाटत होती. अजून वाटते.

प्रबंध अठ्ठावीसला वेळेत गेला. नेत्रा पास झाली, पहिल्या वर्गात. प्लास्टर निघाल्यावर कोल्हापूरला जायच्या आधी ती स्टेलाचा दुसरा डोळा तपासायला त्या वाडीत गेली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो. संध्याकाळी ती केळीचा एक घड घेऊन आली.

"मामा, ती धोंडूआजी विचारत होती, तुझा मामा तुळिंजला कुठं राहतो. मी म्हटलं, तुळिंजला नाही, बोळिंजला, टाकीजवळच्या पिवळ्या बिल्डिंगमध्ये."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. "मग? काय म्हणाली?"

"काही नाही. आत गेली आणि हा घड आणला. म्हणाली, मामाला दे. आणि सांग, तिथला भात गोड व्हायचा."

आशालताने घड सुरीने दुभागला आणि अर्धा वर रामनाथकडे पाठवला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली पार्किंगमध्ये सिमेंटच्या लाद्या होत्या, चार स्कूटर होत्या, आणि वॉचमन पाइप लावून जमीन धूत होता.